टिकांच्या रकान्यांतून डॉक्टरांपर्यंत आपले दुखणे कसे पोचवावे

नाशिकमध्ये मुंबई नाका, गंगापूर रोड किंवा कॉलेज रोडवरच्या एखाद्या मोठ्या रुग्णालयात पहिल्यांदा गेलेल्या माणसाच्या हातात, डॉक्टरांची गाठ पडण्याआधी, एक क्लिपबोर्ड आणि दोरीला बांधलेले पेन येते. कागदावर ‘होय’, ‘नाही’, ‘कधीकधी’ असे रकाने असतात आणि त्यांत खुणा करायच्या असतात. काही ठिकाणी कागदाऐवजी टॅब असतो, नाहीतर आदल्या दिवशीच मोबाईलवर लिंक येते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतील वार्षिक तपासणीत असाच फॉर्म असतो आणि घरी येणाऱ्या आशाताईंच्या पिशवीतही असाच तक्ता असतो. हे फॉर्म मुळात वाईट नाहीत. त्यांतले काही फार विचारपूर्वक तयार झालेले आहेत. परंतु ज्या मर्यादित कामासाठी ते बनले, त्याहून कितीतरी अधिक काम त्यांच्याकडून करून घेतले जाऊ लागले आहे आणि रुग्णाचे म्हणणे ऐकून घेण्याचा वेळ खुणा करण्यात संपतो आहे. एकट्या रुग्णाला ही पद्धत बदलता येणार नाही. मात्र फॉर्म कसा भरावा, कोणत्या प्रश्नाशी थांबावे आणि आत गेल्यावर काय विचारावे हे ठाऊक असेल, तर तिचा उपद्रव बराच कमी करता येतो.

पेन उचलण्याआधी

पहिली गोष्ट म्हणजे रिसेप्शनवर शांतपणे विचारावे, की हा कागद डॉक्टर स्वतः वाचणार आहेत, की तो नुसता फाईलला लागणार आहे. असे विचारण्यात उद्धटपणा काहीच नाही आणि उत्तरावरून पुष्कळ गोष्टी ठरतात. काही फॉर्म डॉक्टरांच्या टेबलावर जातात, काही मानांकनाच्या तपासणीत दाखवण्यासाठी भरून ठेवले जातात आणि काही पुढे विमा कंपनीपर्यंत पोचतात. पहिल्या प्रकारासाठी वेळ द्यावा, दुसरा चटकन आटपावा आणि तिसरा मात्र अक्षर न् अक्षर वाचून भरावा. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

त्यानंतर फॉर्म बाजूला ठेवून, केसपेपरच्या मागे किंवा खिशातल्या वहीत, आपली तक्रार आपल्या शब्दांत तीन-चार ओळींत लिहून काढावी. या सगळ्या लेखातील एकच सूचना पाळायची असेल, तर ती ही पाळावी. रकाने आधी वाचले, की आपले दुखणे आपण नकळत त्यांच्या मापाने सांगू लागतो आणि जे रकान्यात नाही ते सांगायचे राहून जाते. ‘अशक्तपणा, धाप, चक्कर’ या तीन खुणांतून डॉक्टरांना फारसे काही हाती लागत नाही. याउलट, ‘दिवाळीपासून जिना चढताना धाप लागते, आधी तीन मजले सहज चढत होते, आता पहिल्याच मजल्यावर थांबावे लागते आणि रात्री दोन उशा घेतल्याशिवाय झोपता येत नाही’ हे वाक्य ऐकताच कोणताही जाणता डॉक्टर हृदयाकडे लक्ष देईल. उशांची संख्या विचारणारा रकाना सर्वसाधारण फॉर्मवर नसतो. चक्करेचेही तसेच आहे. अंथरुणात कूस बदलताच खोली गरगर फिरणे, बसलेले उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणे आणि चालताना तोल जाणे या तीन वेगवेगळ्या तक्रारी आहेत, त्यांची कारणे वेगळी आहेत, पण फॉर्मवर तिन्हींना मिळून चौकट एकच असते.

म्हणून ओळी लिहिताना चार गोष्टी याव्यात: काय होते, केव्हापासून होते, त्यामुळे रोजचे कोणते काम अडते आणि मनात भीती कशाची आहे. शेवटची गोष्ट लोक संकोचाने गाळतात. मावशीला असेच पोट दुखून कर्करोग निघाला होता, ही भीती सांगितली तर डॉक्टर तिच्याविषयी बोलतील. न सांगितली तर तीच भीती घेऊन माणूस दुसऱ्या दवाखान्याची पायरी चढतो.

हे सगळे ऐकायला डॉक्टरांना वेळ कुठे असतो, असे कोणी म्हणेल. 1975 साली इंग्लंडमध्ये झालेल्या एका प्रसिद्ध अभ्यासात बाह्यरुग्ण विभागातील 80 नव्या रुग्णांपैकी 66 जणांचे निदान, पाठवणाऱ्या डॉक्टरांचे पत्र वाचून आणि रुग्णाचे म्हणणे ऐकून झाल्यावर, तपासणीच्या आधीच बरोबर ठरले होते. 1984 साली अमेरिकेत असे आढळले, की रुग्ण बोलू लागल्यावर डॉक्टर सरासरी 18 सेकंदांत त्याला तोडतात. 2002 साली स्वित्झर्लंडमधील बाझल येथे डॉक्टरांनी ठरवून मध्ये न बोलता ऐकले, तेव्हा रुग्ण सरासरी 92 सेकंद बोलले आणि चारपैकी तीनहून अधिक जण दोन मिनिटांच्या आत आपणहून थांबले. आपल्या ओपीडीतील गर्दी बाझलसारखी नसते हे मान्य आहे. पण लिहून आणलेल्या चार ओळी वाचायला दीड मिनिटसुद्धा लागत नाही आणि दोन पानी प्रश्नावली भरायला त्याहून किती तरी जास्त वेळ जातो, हे कोणालाही करून पाहता येईल.

खुणा करताना

नैराश्याच्या चाचपणीसाठी जगभर वापरली जाणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली, पीएचक्यू-9, येथे उदाहरण म्हणून घेतो, कारण ती मानसोपचाराबाहेर मधुमेहाच्या, हृदयविकाराच्या आणि प्रसूतीच्या दवाखान्यांतही दिसते. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, असा प्रत्येक प्रश्न असतो. प्रत्येकाला 0 ते 3 गुण आणि एकूण 27. ‘दोन आठवडे’ ही मर्यादा नीट लक्षात ठेवावी. वर्षभराची आठवण काढून खुणा केल्या तर बेरीज फुगते आणि काल-परवाचा दिवस बरा गेला म्हणून केल्या तर ती घटते.

या नऊ प्रश्नांतील काही प्रश्न दुहेरी आहेत. झोप लागत नाही किंवा फार लागते, यासाठी एकच रकाना आहे. भूक मेली आहे किंवा खाणे आवरत नाही, यासाठीही एकच. दोन्ही टोकांच्या माणसांना सारखेच गुण मिळतात. म्हणून खूण केल्यावर दोहोंपैकी काय होते त्यावर पेनने गोल करावा.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे कारण लिहावे. रब्बीत थ्री-फेज वीज रात्रीच्या पाळीला आली, की निफाड-दिंडोरीकडचा शेतकरी मध्यरात्री मोटर सुरू करायला मळ्यात जातो. छाटणीनंतर द्राक्षबागेची फवारणी सुरू असते आणि मध्येच अवकाळी पावसाचा अंदाज येतो. अशा पंधरवड्यात त्याच्या झोपेच्या, थकव्याच्या आणि लक्ष न लागण्याच्या तिन्ही रकान्यांत ‘जवळजवळ रोज’ अशी खूण होते. तेवढ्यानेच नऊ गुण भरतात. कारखान्यात तिसऱ्या पाळीला जाणाऱ्याचे तसेच. श्रावणात किंवा नवरात्रात उपवास धरणाऱ्या बाईच्या भुकेच्या उत्तराचेही तसेच. खुणेशेजारी ‘रात्रपाळी’, ‘पाणी भरणे’, ‘उपवास’ एवढा एक शब्द लिहिला तरी वाचणारा थबकतो. उलट बाजूही सांगायला हवी: कर्जाच्या आणि शेतमालाच्या पडलेल्या भावाच्या काळजीने झोप उडालेली असेल, तर ते पाण्याच्या पाळीवर ढकलू नये.

काही प्रश्न आपल्या जगण्याला लागूच पडत नाहीत. दिवसा येणाऱ्या झोपेची जी एपवर्थ मोजपट्टी आहे, ती 1991 साली ऑस्ट्रेलियात तयार झाली आणि तिच्या आठ प्रसंगांत चारचाकीत तासभर प्रवासी म्हणून बसणे, रहदारीत गाडी थांबलेली असणे, दुपारच्या जेवणानंतर मद्य न घेता शांत बसणे असे प्रसंग आहेत. ज्याच्या घरी चारचाकी नाही, त्याने येथे अंदाजाने खूण करण्याऐवजी ‘लागू नाही’ असे लिहावे आणि आपल्याला डुलकी खरोखर कुठे लागते ते खाली लिहावे. कीर्तनात डोळा लागणे हा आजार धरावा की नाही याबद्दल मतभेद होऊ शकतात. मोटारसायकल किंवा ट्रॅक्टर चालवताना पापणी मिटत असेल, तर मात्र बेरीज कितीही कमी येवो, ती गोष्ट डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगावी. उत्तर देता येत नसेल तर रकाना रिकामा सोडू नये, कारण बेरीज करणारा त्याला शून्य धरू शकतो.

फॉर्म कोण भरते आहे, हाही प्रश्न आहे. डोळ्यांना दिसत नाही किंवा लिहिता येत नाही म्हणून मुलगा, सून किंवा सिस्टर प्रश्न वाचून दाखवतात. गुडघ्याच्या दुखण्यापुरते ते चालते. पण मनाच्या, मासिक पाळीच्या, दारूच्या किंवा घरातील मारहाणीच्या प्रश्नांना सासूबाई शेजारी बसलेल्या असताना खरे उत्तर येईल, ही अपेक्षाच चुकीची आहे. अशा वेळी ‘हे मी आत डॉक्टरांनाच सांगेन’ असे म्हणावे आणि रकान्याशेजारी ‘प्रत्यक्ष बोलायचे आहे’ असे लिहावे. पीएचक्यू-9 मधील नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. त्याला शून्याखेरीज कोणतेही उत्तर असेल, तर एकूण बेरीज कितीही असो, त्याच दिवशी डॉक्टरांशी समोरासमोर बोलणे झालेच पाहिजे. फॉर्म देऊन घरी जाऊ नये आणि नातेवाइकांनीही ‘रिपोर्ट नंतर घेऊ’ म्हणून निघू नये. रात्री-अपरात्री कोणी हाताशी नसेल तर केंद्र सरकारची टेलिमानस सेवा 14416 या क्रमांकावर विनामूल्य मिळते आणि तेथे मराठीत बोलता येते.

बेरीज झाल्यावर

अनेकांना आत गेल्यावर एवढेच ऐकू येते, की ‘तुमचा स्कोअर 12 आला आहे, गोळी सुरू करू’. येथे थांबून विचारावे. अशा प्रश्नावल्यांचे काम चाळणीचे आहे, आणि चाळणीत वर राहिलेले सगळेच खडे नसतात. आकडेमोड साधी आहे. पीएचक्यू-9 च्या 2001 साली प्रसिद्ध झालेल्या मूळ अभ्यासात 10 ही सीमा धरली असता नैराश्य असलेल्यांपैकी 88 टक्के सापडले आणि नसलेल्यांपैकी 88 टक्के बरोबर वगळले गेले. आता समजा, एखाद्या सर्वसाधारण दवाखान्यात आलेल्या 100 जणांपैकी 10 जणांना खरोखर नैराश्य आहे. त्यांतले सुमारे 9 सापडतील. पण उरलेल्या 90 पैकी जवळजवळ 11 जणांची बेरीजही 10 किंवा त्याहून अधिक होईल. म्हणजे ‘स्कोअर जास्त’ आलेल्या 20 जणांपैकी निम्म्यांहून अधिकांना तो आजार नसेल. हीच प्रश्नावली मानसोपचारतज्ज्ञाकडे वापरली, जेथे समजा 100 पैकी 50 जण खरेच आजारी आहेत, तर 44 खरे आणि 6 खोटे असा हिशेब येतो. तोच कागद, तीच बेरीज, पण कोणत्या दारात भरला त्यावर तिचा अर्थ बदलतो. हे गणित रुग्णाने डॉक्टरांना ऐकवायची गरज नाही. ‘हा आकडा सोडून तुम्हाला स्वतःला काय वाटते?’ एवढे विचारले तरी पुरे होते.

दुसरा प्रश्न असा विचारावा, की ही लक्षणे दुसऱ्या कशाने येत असतील का. थकवा, झोप, भूक आणि मंदपणा हे प्रश्न शरीराचेही आहेत. रक्त कमी असणे, थायरॉईड कमी चालणे, साखर वाढलेली असणे, रक्तदाबाच्या काही गोळ्या, यांनी हेच रकाने भरतात. हिमोग्लोबिन आणि थायरॉईडची तपासणी झाली आहे का, हे विचारणे रास्त आहे. तिसरे म्हणजे नऊ प्रश्नांच्या खाली बहुधा एक दहावा प्रश्न असतो, ज्याला गुण नसतात: या त्रासामुळे काम करणे, घर सांभाळणे, माणसांत मिसळणे किती अवघड झाले आहे? बेरजेत येत नसल्यामुळे तो वाचलाच जात नाही, आणि माझ्या मते संपूर्ण पानावर सर्वांत उपयोगी प्रश्न तोच आहे. आपण आपले उत्तर आपणहून सांगावे.

गुण आणि पैसा यांची सांगड घातली, की काय होते याचा अनुभव ब्रिटनने घेतला आहे. तेथे 2006 पासून कुटुंबवैद्यांना मिळणाऱ्या मोबदल्याचा काही भाग नैराश्याच्या रुग्णांकडून अशी प्रश्नावली भरून घेण्याशी जोडला होता. 2013 मध्ये ती अट काढून टाकावी लागली. आपल्याकडे मोबदल्याची रीत वेगळी असली, तरी ‘फाईल पूर्ण पाहिजे’ हा दबाव ओळखीचा आहे.

घरातील वृद्धांच्या बाबतीत तर बेरजेवर विश्वास ठेवताना अधिकच जपावे. स्मरणशक्तीची 30 गुणांची जी चाचणी 1975 पासून सर्वत्र चालते, तीत 100 मधून सात-सात वजा करणे, वाक्य लिहिणे, एकमेकांना छेदणारे पंचकोन काढणे असे भाग आहेत. शाळेची पायरी न चढलेल्या आजीचे गुण येथे आजाराशिवायच जातात. ‘आज तारीख काय?’ या प्रश्नाला तिने ‘आषाढ वद्य अष्टमी’ असे उत्तर दिले आणि समोरच्याने चुकीची खूण केली, तर चूक कोणाची? शाळा न शिकलेल्यांसाठी हरियाणातील बल्लभगड येथे या चाचणीचे हिंदी रूप घडवले गेले, ते 1995 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामागचे कारण हेच होते. म्हणून अशा तपासणीला जाताना कुटुंबीयांनी आजीचे शिक्षण सांगावे आणि त्याहून महत्त्वाचे, आधी काय जमत होते व आता काय जमत नाही ते सांगावे: भिशीचा हिशेब चुकू लागला, भाजीत मीठ दोनदा पडू लागले, पंचवटीतल्या नेहमीच्या देवळातून घरी येताना वाट चुकली. वर्षभरातला हा बदल गुणांपेक्षा अधिक बोलतो.

दाखल होताना

रुग्णालयात दाखल करताना रात्री घाईत भरलेला कागद पुढे विम्याच्या दाव्यात पुरावा म्हणून उभा राहतो. ‘मधुमेह: होय/नाही, किती वर्षांपासून’ या रकान्यात गोंधळलेला पुतण्या अंदाजाने ‘10 वर्षे’ असे लिहून मोकळा होतो, पॉलिसी सात वर्षांपूर्वीची असते आणि प्रस्तावात मधुमेह लिहिलेला नसतो, कारण निदान चार वर्षांपूर्वीच झालेले असते. मग कॅशलेस अडते आणि खुलासा करत बसावे लागते. खोटे लिहू नये, लपवूही नये. पण ठाऊक नसेल तर ‘ठाऊक नाही, जुने कागद पाहून सांगतो’ असे लिहावे. निदानाचा पहिला कागद, त्यावरील तारीख आणि चालू गोळ्यांची यादी यांचा फोटो घरातील दोघांच्या मोबाईलमध्ये असावा. कोऱ्या किंवा अर्धवट फॉर्मवर सही करू नये. दुसऱ्याने भरलेले वाचून पाहावे, चूक असेल तर खोडून शेजारी सही करावी.

आशाताईंचा तक्ता

तीस वर्षांपुढील प्रत्येकासाठी आशाताई जो तक्ता भरतात, त्यात वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम आणि घरातील आजार यांना गुण आहेत आणि बेरीज 4 च्या वर गेली, की त्या व्यक्तीला तपासणीसाठी प्राधान्याने बोलावायचे असते. हा तक्ता मला चांगला वाटतो, कारण तो निदान करत नाही, रक्तदाब आणि साखर मोजण्यापर्यंत नेऊन सोडतो. मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनने 2005 मध्ये मांडलेला मधुमेहाचा चार मुद्द्यांचा धोकांकही असाच आहे.

तरी दोन गोष्टी सांभाळाव्यात. घेर टेपने मोजू द्यावा, साडीवरून नजरेने नको. आणि तंबाखूच्या प्रश्नाला उत्तर देताना मिश्री आठवावी. प्रश्नात सिगारेट, गुटखा, खैनी यांचा उल्लेख येतो. रोज सकाळी मिश्री लावणारी बाई ‘नाही, आपण कुठे तंबाखू खातो’ असे अगदी प्रामाणिकपणे सांगते आणि तिचे गुण शून्य होतात, तोंडातला पांढरा चट्टा तसाच राहतो. बेरीज कमी आली म्हणून तपासणी टाळू नये. तीस वर्षांपुढील सर्वांसाठीच ती आहे.

ज्यांच्या दवाखान्यात हे फॉर्म आहेत, त्यांच्यासाठी

खुणांचे कागद कुठे उपयोगी पडतात, याचे उत्तम उदाहरण शस्त्रक्रियागृहात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये आणलेली 19 मुद्द्यांची सुरक्षा यादी दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूंचे प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आले, असे 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. कॅनडातील ओंटारिओत 101 रुग्णालयांत ती सक्तीने लागू झाल्यावर मात्र, 2014 च्या अहवालानुसार, म्हणावा तसा फरक दिसला नाही. यादी मोठ्याने वाचून, एकमेकांकडे पाहून उत्तरे देणे आणि शस्त्रक्रिया संपल्यावर सिस्टरने एकदम सगळ्या खुणा करणे, यांत कागदावर काहीच फरक दिसत नाही.

तेव्हा दवाखान्यातील प्रत्येक फॉर्म हातात घ्यावा आणि गेल्या महिन्यात त्यातील कोणत्या उत्तरामुळे उपचार बदलला, ते सांगून पाहावे. ज्या प्रश्नामुळे काहीच बदलले नाही, तो काढावा. पहिला प्रश्न मोकळा ठेवावा, ‘आज कशासाठी आलात?’, आणि त्याखाली पाच ओळींची कोरी जागा. फॉर्म रुग्णासमोर वाचावा, त्याच्या पाठीमागे नव्हे. राज्यभरातील वैद्यकीय महाविद्यालये ज्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली आहेत, ते नाशिकमध्येच म्हसरूळला आहे. त्याच्या परीक्षेत लाँग केस घेताना विद्यार्थ्याने रुग्णाजवळ बसून सगळे विचारायचे असते, हे आपण सगळे करून आलेलो आहोत.

निघताना

भरलेल्या फॉर्मची प्रत मागून घ्यावी किंवा जमा करण्याआधी फोटो काढावा. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार रुग्णाने मागणी केल्यावर 72 तासांत कागदपत्रे देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. पुढच्या भेटीत तीच प्रश्नावली पुन्हा भरायला दिली, तर आधी नव्याने भरावी आणि मगच जुनी काढून शेजारी ठेवावी, म्हणजे जुन्या खुणा पाहून नव्या होत नाहीत. पीएचक्यू-9 मध्ये 5 किंवा अधिक गुणांचा फरक पडला, तर तो खरा बदल मानतात. एक-दोन गुणांच्या चढ-उतारावरून गोळी वाढवायची किंवा बंद करायची असे सुचवले गेले, तर त्या दोन भेटींच्या मध्ये घरात, शेतात किंवा पाळीत काय बदलले होते, ते डॉक्टरांना सांगून मगच निर्णय घ्यायला सांगावे.